निवारा हे कोठार नव्हे

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या तीन महिन्यांत तीन महत्त्वाचे आदेश दिले. ११ ऑगस्टच्या पहिल्या आदेशाने दिल्ली व आसपासच्या शहरांतील रस्त्यांवरची कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावीत, ती पुन्हा रस्त्यावर सोडू नयेत, असे फर्मावले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे या पीठाने सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत आणि ती त्याच जागी परत आणू नयेत, असा दंडक घातला.

या आदेशांवर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. एका पक्षाला त्यांत क्रौर्य दिसले, दुसऱ्याला उशिरा आलेले शहाणपण. परंतु २२ ऑगस्टच्या आदेशातील एक कलम या गदारोळात जवळजवळ दुर्लक्षित राहिले. प्राणिप्रेमी नागरिकांना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येईल. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे ते कलम आहे. वरवर पाहता ही एक किरकोळ सवलत वाटते. वस्तुतः निवाऱ्यांची सारी योजना या कलमावर तोलली गेलेली आहे.

तीन दरवाजे

निवाऱ्यात आलेल्या प्राण्याला बाहेर पडण्याचे तीनच दरवाजे असतात. एक रस्त्याकडे, दुसरा मृत्यूकडे आणि तिसरा कोणाच्या तरी घराकडे. पाश्चात्त्य देशांनी पहिला दरवाजा जवळजवळ बंद ठेवला आणि दुसरा व तिसरा उघडा ठेवला. अमेरिकेतील प्राणिदया संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली तेथील निवाऱ्यांत सुमारे ५८ लाख कुत्री-मांजरे आली. त्यांपैकी सुमारे ४२ लाखांना घर मिळाले आणि सुमारे सहा लाखांना मारून टाकण्यात आले. इतक्या संपन्न देशात, दत्तक घेण्याची प्रथा इतकी रुजलेली असतानाही, हा सहा लाखांचा आकडा उरतोच, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे दुसरा दरवाजा कायद्याने बंद आहे. २००१ सालच्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ सालच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी कुत्र्यांना पकडणे, त्यांची नसबंदी करणे, लस टोचणे आणि मूळ जागी सोडणे हा मार्ग घालून दिला. निरोगी कुत्र्याला मारण्याची मुभा त्यांत नाही, आणि ती असावी असे प्रस्तुत लेखकालाही वाटत नाही. आता ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-रुग्णालयांच्या आवारांतल्या कुत्र्यांपुरता पहिला दरवाजाही लावून घेतला. उरला तो केवळ तिसरा. तो उघडण्याची तजवीज न करता निवारे बांधणे म्हणजे निचऱ्याची वाट न ठेवता हौद भरत राहणे होय.

मुंबईचा जुना अनुभव

या बाबतीत मुंबईचा इतिहास बोधप्रद आहे. १८३२ साली बेवारशी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध मुंबईत दंगा उसळला. ज्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे तो पारशी समाज त्यात अग्रभागी होता, आणि अन्य समाजांतील लोकही त्यात सामील झाले. या वातावरणातूनच १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भूतदयेच्या इतिहासात या संस्थेचे स्थान मोठे आहे. परंतु पांजरपोळीची मूळ कल्पना आमरण सांभाळाची. आत आलेल्या जनावराने तेथेच आयुष्य संपवावे आणि त्याचा खर्च दानशूरांनी सोसावा, असा तो हिशेब. भुलेश्वरच्या त्या वास्तूत आज मुख्यतः गाई दिसतात.

लंडनमध्ये १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी जी संस्था काढली, तिची कल्पना निराळी होती. पुढे बॅटरसी येथे हलविलेल्या या संस्थेचे मूळ नावच ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर’ असे होते. त्यातला ‘तात्पुरते’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या संस्थेच्या इतिहासातही ठार मारलेल्या कुत्र्यांची संख्या लहान नाही. पण निवारा हा वाटेवरचा थांबा आहे, मुक्काम नव्हे, हे तत्त्व तिच्या नावातच होते. आपण आज नवे निवारे उभारू पाहत आहो ते कोणत्या कल्पनेवर, याचा उलगडा आदेशांतून होत नाही आणि महापालिकांच्या कारभारातून तर मुळीच होत नाही.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. तो येथे लावून पाहू. समजा, एखाद्या शहराच्या निवाऱ्यात रोज दहा कुत्री येतात. प्रत्येकाला सरासरी तीस दिवसांत घर मिळाले, तर कोणत्याही दिवशी तीनशे जागा पुरतील. घर मिळण्यास सहा महिने लागले, तर अठराशे जागा लागतील. आणि घर मुळीच मिळाले नाही, प्रत्येक कुत्रे सरासरी दहा वर्षे तेथेच जगले, तर साडेछत्तीस हजार जागा लागतील. येणाऱ्या कुत्र्यांची संख्या तिन्ही हिशेबांत तीच आहे. बदलला तो फक्त मुक्कामाचा काळ.

पैशाचा हिशेबही असाच. एका कुत्र्याचे अन्न, सफाई आणि देखरेख यांवर दिवसाला केवळ पन्नास रुपये खर्च होतो असे धरले, तरी वर्षाचे १८,२५० रुपये होतात. दहा वर्षांचा खर्च पावणेदोन लाखांच्या वर जातो. आता ज्या प्राण्याला घर मिळेल त्याची नसबंदी, लसीकरण आणि वर्षभराची पाहणी यांवर महापालिकेने पाच हजार रुपये खर्च केले, तरी ती उधळपट्टी ठरणार नाही. उलट ती पालिकेच्या खर्चातली सर्वांत किफायतशीर बाब ठरेल. परंतु आपल्या अंदाजपत्रकांत पिंजरे बांधण्यास तरतूद मिळते. पिंजरा रिकामा व्हावा म्हणून तरतूद मिळत नाही. भिंतीचे उद्घाटन करता येते, प्रवाहाचे करता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

अर्थात दत्तक घेण्याच्या मार्गाची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. २०११ च्या जनगणनेतील कुटुंबसंख्या सुमारे पंचवीस कोटी. म्हणजे दर सोळा कुटुंबांनी एक कुत्रे घरी न्यावे लागेल. हे घडणार नाही, आणि घडण्याची गरजही नाही. रस्त्यावर वाढलेल्या प्रौढ कुत्र्याला दोन खोल्यांचे घर मानवेलच असे नाही. बहुसंख्य कुत्र्यांबाबत नसबंदी व लसीकरण हाच उपाय राहील. गोव्याने नेटाने लसीकरण केले आणि २०२१ साली तेथील सरकारला राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करता आले, हे उदाहरण शेजारीच आहे. घर शोधायचे ते पिलांसाठी, जखमी होऊन बऱ्या झालेल्या प्राण्यांसाठी, मालकांनी टाकून दिलेल्यांसाठी आणि जागेवरून हलविलेल्यांपैकी माणसाळलेल्यांसाठी. हा भाग लहान असला, तरी निवारा तुंबतो तो याच भागामुळे.

घरे का मिळत नाहीत?

मग ही घरे मिळत का नाहीत? ‘लोकांत भूतदया उरली नाही’ हे उत्तर सोपे आहे, पण खरे नाही. ज्या गल्लीत रोज संध्याकाळी कोणी ना कोणी पोळीचा तुकडा घेऊन बाहेर पडते, तेथे दयेचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो विश्वासार्ह माहितीचा. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला मालही संशयित ठरतो. निवाऱ्यातल्या कुत्र्याचे नेमके हेच होते. ‘यात काही खोट असल्याखेरीज कोणी सोडले असेल का?’ असे गृहस्थाला वाटते, आणि तो हजारो रुपये मोजून विलायती जातीचे पिल्लू आणतो. खरे पाहता विक्रेत्याला त्या पिल्लाचे दोष झाकण्यात स्वारस्य असते. निवाऱ्यातील सेवकाने मात्र त्या कुत्र्याचा स्वभाव महिनाभर पाहिलेला असतो. ही माहिती लिहून ठेवली, कागदावर दिली आणि पशुवैद्याने तिच्यावर सही केली, तर संशयाचा निम्मा भाग नाहीसा होईल.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी दिखाऊ उपभोगाची कल्पना १८९९ साली मांडली. बर्फाळ प्रदेशासाठी घडलेला, दाट केसांचा हस्की जेव्हा विदर्भाच्या उन्हाळ्यात धापा टाकताना दिसतो, तेव्हा त्या कल्पनेचा पडताळा येतो. गावठी कुत्रे आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेले आहे. त्याची काटकता हा त्याचा गुण. पण तो फुकट मिळतो म्हणून त्याला किंमत नाही. पैदास व विक्री यांवर आपल्याकडे २०१७ व २०१८ साली नियम झाले, नोंदणी सक्तीची झाली. अंमल मात्र कागदावरच फार. इंग्लंडने २०२० साली कुत्र्या-मांजरांची पिले दुकानदार व दलाल यांच्यामार्फत विकण्यास बंदी केली, तर कॅलिफोर्नियाने २०१९ पासून दुकानांना निवाऱ्यांकडून आलेल्या प्राण्यांखेरीज कुत्री-मांजरे विकण्यास मनाई केली. एका बाजूने बाजारात नवी पिले ओतायची आणि दुसऱ्या बाजूने निवाऱ्यांची गर्दी हटवायची, हे विसंगत आहे, इतके तरी त्या देशांनी ओळखले.

तिसरे कारण फुकटपणाचेच, पण उलट्या दिशेने. मूल्य शून्य असले म्हणजे निर्णय हलका होतो. शाळेला सुट्टी लागते, मुले हट्ट धरतात, मांजराचे पिल्लू घरी येते; जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या गडबडीत ते जड होते. कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे, मांजराचेही तितकेच. निवृत्तीला दहा वर्षे उरलेल्या कारकुनाने ज्या गांभीर्याने गृहकर्जाचा विचार करावा, त्याच गांभीर्याने हा निर्णय करावयास हवा. दरवर्षीची रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, आजारपण, गावी जाताना मागे कोण पाहणार, भाड्याचे घर बदलल्यास नवा मालक काय म्हणेल, या गोष्टी प्रथमच मांडल्या पाहिजेत. म्हणून दत्तक देताना माफक शुल्क घ्यावे आणि नसबंदी झाल्याखेरीज प्राणी देऊ नये. मांजराच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक. सुमारे नऊ आठवड्यांत विणारा हा प्राणी वर्षातून दोन-तीनदा पिले देऊ शकतो.

आधी माणसे की कुत्री?

‘माणसांना घरे नाहीत, तेथे कुत्र्यांना घरे कसली शोधता?’ असा एक आक्षेप नेहमी येतो. तो तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर आकड्यांत आहे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. मोटारीतून शाळेत जाणाऱ्या मुलाला कुत्रा सहसा चावत नाही. पायी जाणाऱ्या मुलाला, पहाटे कचरा वेचणाऱ्या बाईला, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला चावतो. मग लशीसाठी रुग्णालयाच्या चार-पाच खेपा आणि तितके रोज बुडतात. म्हणजे निवारे तुंबले, कुत्री पकडणे थांबले, तर त्याची किंमत गरीबच मोजतो. कुत्र्याला घर शोधणे आणि गरिबाच्या मुलाला रस्ता निर्धास्त करणे ही परस्परविरोधी कामे नव्हेत.

तेव्हा महापालिकांकडे नागरिकांनी मागणी करावयाची ती केवळ आणखी निवाऱ्यांची नव्हे. प्रत्येक निवाऱ्याने दरमहा तीन आकडे जाहीर करावेत: किती प्राणी आले, किती घरी गेले आणि एकेकाचा मुक्काम सरासरी किती दिवसांचा झाला. यांत चौथा आकडा मृतांचाही असावा, म्हणजे मुक्काम कमी दाखविण्याचा सोपा मार्ग कोणाला सापडणार नाही. कायमचा निर्णय करण्यापूर्वी प्राणी महिनाभर घरी ठेवून पाहण्याची सोय असावी, आणि तो परत आणणाऱ्यास गुन्हेगार समजू नये; निवाऱ्यात परत आलेले कुत्रे हे रस्त्यावर सोडलेल्या कुत्र्यापेक्षा केव्हाही बरे. ज्यांना कायमची जबाबदारी झेपणार नाही अशा शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, निवृत्तांना सुट्टीपुरते सांभाळण्याचे काम देता येईल. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही.

निवाऱ्याची योग्यता त्यात किती पिंजरे आहेत यावरून ठरवू नये. आज भरलेला पिंजरा पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी दारात झोपलेल्या प्राण्यामुळे रिकामा झाला आहे की नाही, हे पाहावे. हे पाहणारा अधिकारी प्रत्येक महापालिकेत नेमला गेला नाही, तर न्यायालयाचे आदेश पाळल्याचा अहवाल सादर होईल, भिंती उभ्या राहतील, आणि पाच वर्षांनी त्या भिंतींआड काय चालले आहे हे विचारण्यासाठी कोणाला तरी पुन्हा न्यायालयातच जावे लागेल.