रखवालदाराला परवाना लागतो, रुग्णाजवळ बसणाऱ्याला?

इंदूर : पोलोग्राउंड म्हणजे इंदूरचा जुना कारखान्यांचा पट्टा. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं मुख्यालयही इथेच. इथल्या एखाद्या कारखान्याला रात्रपाळीचा रखवालदार हवा असेल, तर तो पुरवणाऱ्या एजन्सीकडे परवाना असावाच लागतो. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याचं तसं बंधन आहे. रखवालदाराचं चारित्र्य तपासायचं आणि केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे त्याला 100 तास वर्गात व 60 तास प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण द्यायचं.

आता त्याच कारखान्याच्या मालकाने अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी ब्युरोला फोन करून बाई मागवली, तर? त्या ब्युरोसाठी असा वेगळा कायदा नाही. गुमास्ता काढला की धंदा सुरू. बाईला नळीवाटे अन्न देता येतं का, कूस बदलून पाठीची जखम टाळता येते का, हे बघायचं काम घरच्यांवरच येतं.

तीन सेवा, तीन तऱ्हा

घरपोच आरोग्यसेवा हा शब्द एक असला तरी त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट. यांना नोंदणीचे कायदे आहेत. नर्सची नोंद राज्याच्या नर्सिंग परिषदेत असते, फिजिओथेरपिस्ट 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याखाली येतात. दुसरी, भाड्याची उपकरणं : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, रुग्णाचा पलंग. उपकरणाच्या दर्जाला 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, पण ते घरी नीट चालतंय का हे कुणी पाहायला येत नाही. तिसरी, अटेंडंट किंवा केअरटेकर. रुग्णाजवळ सगळ्यात जास्त तास हीच व्यक्ती असते, आणि नियमांची पोकळीही इथेच आहे.

दवाखान्यांचे कायदे इथे फार उपयोगी पडत नाहीत. मध्य प्रदेशात 1973 चा उपचारगृह कायदा आहे, महाराष्ट्रात 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, कर्नाटकात 2007 चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा. केंद्राचा 2010 चा कायदा या तिन्ही राज्यांनी घेतलेला नाही. या कायद्यांचा भर जागेवर आहे : इमारत, खाटा, तिथला कर्मचारीवर्ग. रुग्ण घरी आला की खाट त्याच्याच घरची.

विधेयक आलं, आणि बारगळलं

सरकारला ही पोकळी ठाऊक नव्हती असं नाही. डिसेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, प्रशिक्षित आणि प्रमाणित काळजीवाहक, हे सगळं त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, पण विधेयक मंजूर झालं नाही. 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि तेही संपलं.

मधल्या काळात कोरोना आला. जून 2021 मध्ये केंद्राने एक लाख आरोग्य मदतनीस तयार करण्याचा तातडीचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात घरगुती काळजीचाही समावेश होता. म्हणजे प्रशिक्षण शक्य आहे. पण ब्युरोने प्रशिक्षित माणूसच पाठवावा, ही सक्ती तेवढी राहून गेली.

नुसत्या कागदावरही विसंबून चालत नाही. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेचा घोळ उच्च न्यायालयात गेला, सीबीआय तपास लागला आणि मे 2024 मध्ये लाचेच्या प्रकरणात सीबीआयला आपल्याच अधिकाऱ्याला अटक करावी लागली.

खर्च आणि सीमा

सक्ती आली तर दर वाढतील, हे ब्युरोवाल्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आयुष्मान योजनेत 70 वर्षांवरच्यांना 5 लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावर. महिनोन्महिने घरी ठेवलेल्या बाईचा पगार खिशातूनच जातो. शिवाय त्या बाईच्या हाती त्यातलं किती पडतं आणि तिची सुट्टी कोणती, यालाही धड नियम नाही. नोंदणी झाली तर फायदा तिचाही आहे.

बऱ्हाणपूर, सेंधवा, जळगाव, धुळ्याकडचे रुग्ण उपचाराला इंदूरला येतात आणि घरी परततात. सोबत इंदूरची बाई नेली आणि काही बिनसलं, तर तक्रार कुठे करायची? इथे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा कामाचा आहे. तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात शुल्क नाही. पण त्यासाठी पावती हवी. रोखीने, तोंडी ठरलेल्या व्यवहारात हात बांधलेलेच.

म्हणून कायदा येईपर्यंत चार गोष्टी सांभाळाव्यात. नर्स म्हणून पाठवलेल्या व्यक्तीचा परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. अटेंडंटकडून इंजेक्शन किंवा सलाईन देऊन घेऊ नका. कामं, तास, दर आणि बदली माणसाची अट लेखी घ्या. पोलिस पडताळणी आणि पावतीचा आग्रह धरा. कारखान्याचा मालक रखवालदार ठेवताना एवढं विचारतोच. आईसाठी विचारायला संकोच कसला?