छोट्या शब्दांची इंग्रजी

निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो उंबरठा गेला; आज त्या जागी इंग्रजी आहे. सन २००० पासून राज्यात ती पहिलीपासून शिकविली जाते. तरीही नांदेड-लातूरकडील गुणवंत विद्यार्थी मुलाखतीत अडखळतो, तो बहुधा मोठ्या शब्दांवर नव्हे. ‘गिव्ह’ त्यास ठाऊक असते. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमते घेणे, येथे तो गोंधळतो.

वस्तुतः ही रीत मराठीस परकी नाही. ‘सोडून देणे’ यात कोणी कोणास काही देत नाही आणि ‘सांगून टाकणे’ यात काही टाकले जात नाही, हे आपले मूल शाळेत येण्यापूर्वीच जाणते. या जाणिवेचा आधार घेऊन इंग्रजी शिकवावी, असे आमचे मत आहे.

अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करून गुण मिळतात, बोलणे येत नाही. त्यासाठी वसतिगृहाचा दिवसच उपयोगी पडेल. ‘आय गेट अप अॅट फाइव्ह’, ‘स्विच ऑफ द लाइट’, ‘वुई लुक आफ्टर द लिटल वन्स’, ‘फिल इन द स्कॉलरशिप फॉर्म’ अशी वाक्ये रोज प्रसंगी बोलली जावीत.

डॉ. बाबासाहेबांनी इंग्रजीतून जगाशी संवाद साधला. त्यांच्या लेकरांना ती परकी वाटू नये. माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार वसतिगृहात येऊन मुलांशी इंग्रजीत गप्पा माराव्यात, हीच आमची विनंती.