वळूचा रिपोर्ट चालतो, मग नवऱ्याचा का नको?

गाय दोनदा उलटली की जुन्नर-आंबेगावातला शेतकरी डॉक्टरांना सांगतो, ‘साहेब, या वेळी कांडी बदलून बघा.’ दोष गायीतच आहे, असं तो धरून चालत नाही. कांडी ज्या वळूची, त्याची तर केंद्र सरकारच्या मानकांप्रमाणे आधी गुणसूत्रांचीही तपासणी झालेली असते. गोठ्यागोठ्यात कृत्रिम रेतन नेणारी ‘बायफ’ १९६७ मध्ये उभी राहिली, तीही आपल्याच जिल्ह्यात, उरुळी कांचनला.

आता गोठ्यातून घरात या. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मग आधी सुनेची सोनोग्राफी, मग नवस, मग दुसरा डॉक्टर. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी, तीही झाली तर! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एकाला कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं. तरी बोल लागतो तो फक्त तिलाच.

वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य किंवा फारच कमी आले, तर ती पुन्हा करतात, हार्मोन बघतात आणि मग येते जनुकीय तपासणी. त्यासाठी लागतं फक्त थोडं रक्त. त्यातून मुख्यतः तीन गोष्टी कळतात. एक, गुणसूत्रांची संख्या: दर ६०० मुलग्यांमागे साधारण एकाला एक्स गुणसूत्र जास्तीचं असतं, यालाच क्लाइनफेल्टर म्हणतात. दोन, वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळालाय का. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ने २००३ मध्ये शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८.५ टक्के पुरुषांमध्ये असा तुकडा गळालेला सापडला. तीन, शुक्राणू वाहून नेणारी नळी जन्मतःच नसेल, तर त्यामागचं जनुक.

हे कळून फायदा काय? वायचा ‘ए’ भाग पूर्ण गळाला असेल, तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणजे कर्ज काढून उपचारांमागे धावणं वाचतं. ‘सी’ भाग गळाला असेल, तर अनेकदा शुक्राणू मिळतात, टेस्ट ट्यूबचा मार्ग खुला राहतो. पण मुलगा झाला तर तोच दोष त्याच्यात उतरतो, हे आधी माहीत हवं. नळीच्या जनुकात दोष असेल, तर बायकोचीही तपासणी करावी लागते. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दोष नाहीच असं ठरत नाही. कित्येकांचं कारण आजच्या तपासण्यांना सापडतच नाही. म्हणूनच रिपोर्ट समजावून सांगणारा समुपदेशक हवा.

एक गैरसमज मात्र आत्ताच खोडून टाका. शुक्राणू नसणं म्हणजे नामर्द असणं नव्हे. शरीरसंबंध ठीक असूनही शुक्राणू शून्य असू शकतात.

तेव्हा मित्रांनो, मंचर-नारायणगावच्या दवाखान्यात पहिल्याच खेपेला दोघांनीही जा. वीर्यतपासणी स्वतःहून मागा. पुण्या-मुंबईला जावं लागलं, तर सेंटर २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, ते विचारा. आणि घरात सुनेला कुणी बोलायला लागलं, तर आईला, काकूला सरळ विचारा, ‘पण दादाचा रिपोर्ट काढला का?’