साखरेतले पाणी

दिवाळीच्या तोंडावर नको तो लेख वाचनात आला आणि आमच्या फराळाची चव बिघडली. टोनी अ‍ॅलन नावाचे लंडनचे एक प्राध्यापक होते. २००८ साली त्यांना पाण्यासंबंधीचे स्टॉकहोमचे मोठे पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे की, माल गावाबाहेर जातो तेव्हा तो पिकवायला लागलेले पाणीही त्याच्याबरोबर, कोणाला न दिसता, निघून जाते. किलोभर उसाच्या साखरेमागे जगाच्या सरासरीने सुमारे १,७८० लिटर पाणी खर्ची पडते. त्यात पावसाचेही धरलेले आहे, हे सांगितले पाहिजे.

आम्ही नांदेडचे आणि धाकटी बहीण लातूरला दिलेली. आयुक्तालय कोणाच्या गावी असावे यावर ही दोन गावे २००९ पासून भांडत आली, पण सोयरिकी काही थांबल्या नाहीत. २०१६ च्या मार्चात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी! मे महिन्यात बहीण माहेरी आली ती धुण्याची दोन गाठोडी घेऊन. तिच्या घरी आठवड्याला दोनशे लिटर पाणी मिळे. आमच्या नळालाही तेव्हा रोज पाणी नव्हते, पण तिला ते कसे सांगावे?

आता हिशेब पाहा. साऱ्या देशाने कौतुकाने पाहिलेल्या त्या गाडीतले पाणी म्हणजे २८० किलो साखर. पन्नास किलोची साडेपाच पोती. आमच्या घरी दिवाळीला पाच किलो साखर आली, म्हणजे ८,९०० लिटर पाणी. बहिणीच्या त्या उन्हाळ्याच्या मापाने चव्वेचाळीस आठवड्यांचे!

“मग चहा बिनसाखरेचा टाकू का?” सौभाग्यवतींनी विचारले. आम्ही कागद घडी करून खिशात ठेवला.

भाऊबीजेला दाजी आले. मांजरेकाठी त्यांचा तीन एकर ऊस. ओवाळणी झाल्यावर आम्ही तो कागद हळूच पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. रागावले नाहीत.

“दादा, हिशेब बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण माझाही ऐका. २०१७ ला तूर अमाप आली. सरकारी खरेदी केंद्रापुढे आम्ही रात्री काढल्या. कधी बारदान नाही, कधी माप बंद. २०२५ च्या सप्टेंबरात नदी शेतात शिरली. सोयाबीन जागच्या जागी कुजलं. ऊस आडवा झाला, पण जगला. त्याचा भाव आधी ठरलेला असतो, न्यायला कारखाना येतो. तुमच्या प्राध्यापकांनी तूर न्यायला कोणी ठेवलाय का?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार घेऊन आम्ही उभा जन्म काढला. त्या माणसाला जोखमीचे पीक घे म्हणून सांगायला जीभ रेटेना. बहीण मात्र गप्प होती. करंजीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, “ती गाठोडी वहिनीनं धुतली होती.”

दाजींनी तिच्याकडे पाहिले.

“एक एकर ठिबकवर घेऊ,” ते म्हणाले. “बाकीचं बेणं सांगून ठेवलंय. सोमवारी लागण आहे.”