बिनछपराचा डबा आणि पासधारकांचा कोटा

युरोपात रेल्वेचा पास घेऊन हिंडणाऱ्या मंडळींत अलीकडे एक नवीच विद्या बहरास आली आहे. देशाची सीमा ओलांडताना कोणत्या गाडीला वेगळे आरक्षण-शुल्क पडत नाही, कोणत्या आडस्थानकावर उतरून पलीकडची साधी गाडी धरली असता पासाखेरीज पदरचा एक युरोही खर्चावा लागत नाही, याचे शोध ही मंडळी लावतात आणि एकमेकांस सांगतात. पॅरिसहून ब्रसेल्सला द्रुतगती गाडी सुमारे दीड तासात पोचवते. परंतु पास खिशात असूनही तिच्यासाठी ३० युरोंच्या आसपास निराळी रक्कम मोजावी लागते, आणि तीही पासधारकांसाठी ठेवलेल्या मोजक्या जागा संपल्या नसतील तरच. उलट पॅरिसहून आमियाँ, तेथून लील, मग बेल्जियमच्या हद्दीतले तूर्ने आणि अखेर ब्रसेल्स, असा गाड्या बदलत प्रवास केला तर चार-पाच तास जातात, पण पासावर अधिक काही पडत नाही. नीसहून व्हेंतिमिल्यापर्यंत फ्रान्सची प्रादेशिक गाडी आणि पुढे जेनोव्हापर्यंत इटलीची. पेर्पिन्याँहून सर्बेर, बोगद्यापलीकडे पोर्तबू आणि तेथून बार्सेलोना. अशा वाटा या विद्येत पाठ असाव्या लागतात.

या विद्येचे कौतुक व्हावे, त्यात गैर काही नाही. पैसा तुटपुंजा असलेल्या विद्यार्थ्याने वेळापत्रक पालथे घालून आपला मार्ग काढला तर त्याला कोण दोष देईल? आक्षेप आहे तो या चातुर्यालाच स्वातंत्र्य म्हणून गौरवणाऱ्यांवर. पर्याय उपलब्ध आहेत, ग्राहकाने तेवढे डोळस व्हावे, असे ते सांगतात. परंतु आडवाट शोधण्याची वेळ प्रवाशावर आली, त्याअर्थी राजमार्ग कोणीतरी अडवला असला पाहिजे. तो कोणी व का अडवला, एवढे मात्र हे कौतुककर्ते विचारत नाहीत.

पासाचा जन्म निराळ्या विचारातून झाला होता. युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९मध्ये युरेल पास निघाला. पुण्यामुंबईचे प्रवासी आज घेतात तो हाच. पुढे १९७२मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त युरोपातल्याच तरुणांसाठी इंटररेल पास सुरू झाला. वयाची मर्यादा २१ वर्षे, मुदत एक महिना, देश २१, आणि ब्रिटनमधली किंमत साडेसत्तावीस पौंड. त्यामागचे अर्थशास्त्र साधे होते. गाडी धावणारच आहे. तिच्यात एक तरुण अधिक बसला तर रेल्वेचा खर्च जवळजवळ वाढत नाही. रिकामी जागा रिकामीच नेण्यापेक्षा ती अल्प मोबदल्यात देणे समाजाच्या हिताचे. या रेल्वे बहुतेक ठिकाणी सार्वजनिक मालकीच्या होत्या, म्हणून तर इतक्या देशांच्या रेल्वे एका कागदाच्या तुकड्याला मान देऊ शकल्या.

आज मान मिळतो तो अटी घालून. पास म्हणजे प्रवासाचा हक्क नव्हे, तर आरक्षण विकत घेण्याचा परवाना, अशी स्थिती फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या द्रुतगती गाड्यांत आली आहे. जागा नसेल तर कोटा समजण्यासारखा आहे. परंतु पासधारकांचा कोटा संपलेला असतानाही त्याच गाडीत पूर्ण भाड्याची जागा विकत मिळते, याचा अर्थ काय?

याचा अर्थ एका फ्रेंच अभियंत्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. ज्यूल द्युप्यी हा पूल-रस्ते खात्यातला अधिकारी. पुलावरच्या पथकराचा विचार करता करता १८४४मध्ये त्याने उपयुक्ततेच्या मापनाचा पाया घातला. त्याने १८४९मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाकडे पाहून एक मार्मिक निरीक्षण केले. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे, बाकांना गादी नसे. छपराला असा किती पैसा लागतो? द्युप्यीचे म्हणणे असे की, काटकसर हा येथे उद्देशच नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून गरिबाला पावसात भिजवायचे. गरिबावर राग म्हणून नव्हे, तर श्रीमंताला धाक म्हणून.

युरोपातल्या बहुतेक देशांनी १९५६मध्ये तिसरा वर्ग रद्द केला. मात्र त्यामागचे तत्त्व रद्द झाले नाही. ते आरक्षणाच्या पद्धतीत शिरले. पासधारकाला द्रुतगती गाडीत मुक्तद्वार दिले तर पूर्ण भाडे भरणारा उद्या पासच घेईल, ही खरी भीती आहे. म्हणून पासधारकाला चार-पाच तास आणि तीन गाड्या बदलायला लावायच्या. आडमार्गाचा त्रास हा आजचा बिनछपराचा डबा आहे, आणि तो हेतुपूर्वक तसा ठेवलेला आहे.

हा हेत्वारोप नाही, हे पाहण्यासाठी हॉलंड-बेल्जियमकडे वळावे. ॲम्स्टरडॅम व ब्रसेल्स यांच्यामध्ये आरक्षणाविना कोणीही चढावे अशी साधी गाडी वर्षानुवर्षे धावत होती. डिसेंबर २०१२मध्ये ती बंद करण्यात आली आणि तिच्या जागी ‘फीरा’ नावाची द्रुतगती गाडी आली, आरक्षण सक्तीचे. नवी गाडी बरी असेल तर लोक स्वखुशीने तीत बसतील. मग जुनी बंद का करावी लागते? द्युप्यीला हे कोडे पडले नसते. पुढे जे घडले ते मात्र कोणाच्या हिशेबात नव्हते. जानेवारी २०१३च्या बर्फात नव्या गाड्यांचे भाग निखळू लागले, महिन्या-सव्वा महिन्यात सेवा थांबली आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या रेल्वेंनी त्या गाड्यांवर कायमचे पाणी सोडले. प्रवाशांच्या संतापापुढे आरक्षणाविना चालणारी साधी गाडी परत आणावी लागली. आज या दोन शहरांदरम्यान पासधारक विनाशुल्क जातो, तो एका यांत्रिक अपयशाच्या कृपेने. गाड्या धड निघाल्या असत्या, तर साधी गाडी परत आली असती का?

द्रुतगती मार्गांना प्रचंड भांडवल लागते, ते कोणीतरी भरलेच पाहिजे, असा प्रतिवाद होतो. भरलेच पाहिजे; आणि ते मुख्यतः सार्वजनिक पैशातून भरले गेले आहे. युरोपीय समुदायाने १९९१मध्ये रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे करण्याचा आदेश काढला, तेव्हापासून एकाच लोकसत्तेचे दोन हात परस्परांना बिले पाठवू लागले. रूळ वापरण्याचे शुल्क फ्रान्समध्ये इतके चढे आहे की, थोड्या गाड्या काढून त्या खच्चून भरणे हेच चालकाला फायद्याचे ठरते. याउलट आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर कर नाही. रेल्वेने स्वतःचा भार स्वतः उचलावा, हा उपदेश करणाऱ्यांना विमानाचा भार कोण उचलतो हे ठाऊक नसते असे नाही.

रात्रीच्या गाड्यांची कथा तर दुःखदच आहे. पॅरिस-माद्रिद शयनगाडी २०१३च्या अखेरीस बंद झाली. जर्मन रेल्वेने आपल्या रात्रगाड्या २०१६मध्ये मोडीत काढल्या; त्यांतल्या काही ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेने उचलून चालवून दाखवल्या, म्हणजे त्या चालण्याजोग्या होत्या. लिस्बन-माद्रिद गाडी मार्च २०२०मध्ये साथीच्या निमित्ताने थांबली ती परतलीच नाही. शेजारच्या दोन राजधान्यांमध्ये त्यानंतर थेट गाडी राहिली नाही. बादाखोसला उतरून, एका छोट्या डिझेल गाडीने एंत्रोंकामेंतूपर्यंत जाऊन मग लिस्बन गाठावे लागते. ही वाट ‘स्वस्त आणि रम्य’ म्हणून सुचवली जाते.

आता एक आक्षेप स्वकीयांचाही आहे. पास घेऊन युरोप पाहणाऱ्यांचे प्रश्न हे खात्यापित्या पर्यटकांचे प्रश्न, त्यात समाजवाद्यांनी वेळ का दवडावा? उत्तर असे की, पर्यटक ज्या संथ गाड्यांचा आसरा शोधतो त्या गाड्या कामगारांच्या आहेत. लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून अधिक माणसे रोज फ्रान्स, बेल्जियम व जर्मनीतून कामाला येतात. त्या देशाने २९ फेब्रुवारी २०२०पासून दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, बस आणि ट्राम सर्वांना मोफत केली. पण कामगाराचे घर सीमेपलीकडे असल्याने त्याला तिकीट पडतेच. जर्मनीने २०२२च्या उन्हाळ्यात ९ युरोंत महिनाभर प्रादेशिक गाड्या खुल्या केल्या तेव्हा तीन महिन्यांत सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटे खपली. इतके पर्यटक जर्मनीत खचित नव्हते.

आणि सर्बेर-पोर्तबूची वाट? स्पेनचे रूळ फ्रान्सपेक्षा रुंद, म्हणून स्पेनची संत्री या सीमेवर एका डब्यातून दुसऱ्यात भरावी लागत. टोपल्या वाहण्याचे हे काम सर्बेरच्या स्त्रिया करीत. वाढीव मजुरीसाठी १९०६मध्ये त्यांनी संप पुकारला. त्यांचे स्मारक आज गावात आहे. पास मिरवीत तेथे गाडी बदलणाऱ्याने ते पाहून यावे. व्हेंतिमिल्याच्या वाटेवर दिसते ते निराळे. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५पासून अंतर्गत सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवत नेली. मांतों-गाराव्हाँ स्थानकात पोलीस गाडीत चढतात आणि आश्रयार्थी दिसले की उतरवून इटलीच्या हवाली करतात. एकाच डब्यात एकाचा पास चालतो आणि दुसऱ्याला खाली उतरावे लागते.

आपल्याकडे सीमापार रेल्वेबद्दल बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. समझोता व थार या गाड्या २०१९मध्ये थांबल्या, ढाक्याची मैत्री २०२४मध्ये. मात्र द्युप्यीचे तत्त्व रूळ ओलांडून इकडे आले आहे. सप्टेंबर २०१६पासून राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्यांत जागा भरत जातील तसे भाडे दीडपटीपर्यंत चढू लागले. साथीच्या काळात साध्या पॅसेंजर गाड्यांना ‘विशेष’ ठरवून किमान भाडे १० रुपयांचे ३० केले गेले, ते फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणुका तोंडावर आल्यावर उतरले. याच देशात १९७७मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आली. पहिल्या वर्गाचे उतारू त्यामुळे खाली घसरतील, ही भीती तेव्हाही दाखवता आली असती. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२०मध्ये काढून घेतली गेली. ती परत कधी देणार, असे संसदेत विचारले की, तिकिटात सर्वच प्रवाशांना अर्थसाहाय्य मिळते, असे उत्तर मिळते.