रुळांचा धनी आणि रूळभाड्याचा न्याय

ज्याची वाट त्यानेच वाटेचा कर ठरवावा, त्याच वाटेवर आपल्या घरच्याही गाड्या हाकाव्या, आणि कराविषयी कोणी तक्रार केली म्हणजे न्यायासनावरही त्यानेच जाऊन बसावे, ही व्यवस्था कोणाही समंजस व्यापाऱ्यास मान्य होण्याजोगी नाही. तथापि न्हावाशेव्याच्या बंदरातून देशाच्या अंतर्भागात जाणाऱ्या कंटेनर-गाड्यांच्या बाबतीत गेली कित्येक वर्षे बहुतांशी हेच चालले आहे. हा प्रश्न दिल्लीचा आहे असे समजून उरण-पनवेलच्या व्यापाऱ्यांनी तो सोडून देऊ नये, म्हणून त्याची थोडी फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथील कंटेनर रुळांवरून नेण्याचे काम प्रथम एकट्या ‘कॉन्कॉर’ या कंपनीकडे होते. आणि ही कंपनी रेल्वे मंत्रालयाचेच अपत्य. २००६ साली सरकारने खासगी चालकांस दार उघडले व २००७ पासून त्यांच्याशी करार होऊ लागले. या बंदरातून दिल्लीकडच्या फायदेशीर मार्गासह सर्वत्र गाड्या चालविण्याच्या परवान्यास ५० कोटी रुपये, इतर मार्गांपुरत्या परवान्यास १० कोटी, अशी फी ठरली. डबे व माल उतरविण्याचे डेपो चालकाने उभारावे. इंजिन, ते चालविणारी माणसे व रूळ रेल्वेने पुरवावे. आणि त्याबद्दल रेल्वे ठरवील तो ‘हॉलेज चार्ज’ चालकाने भरावा, असा हा व्यवहार आहे. या आकारात रुळांचे भाडे किती, इंजिनाचे किती व व्यवस्थेचे किती, हे दरपत्रकावरून कळत नाही. भांडणाचे मूळ येथे आहे. दर वाढला की चालक म्हणतो, तो अवाजवी आहे. रेल्वे म्हणते, तो वाजवी आहे. हिशेब मात्र एकाच पक्षाच्या कपाटात!

रेल्वेची बाजू निराधार आहे असे आमचे म्हणणे नाही. मालाच्या उत्पन्नातून ती उतारूंच्या भाड्याची तूट भरून काढते. कोळसा व खनिजे कंटेनरातून नेण्यास तिने मनाई केली ती याच उत्पन्नाच्या रक्षणासाठी. शिवाय कॉन्कॉरलाही हॉलेज भरावे लागते. परंतु गरिबाच्या तिकिटास हातभार लावणे इष्ट असेल, तर तो किती व कोणाच्या खिशातून लावला जातो हे चारचौघांत सांगण्यास संकोच का असावा? लोकहितासाठी घेतलेला पैसाही मोजून व दाखवूनच घेतला पाहिजे.

याच बंदरातले दुसरे उदाहरण पाहावे. १९९७ साली मोठ्या बंदरांचे दर ठरविण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. आणि १९९९ साली न्हावाशेव्यास पहिला खासगी धक्का उभा राहिला, तेव्हा त्याचे दर याच प्राधिकरणाने ठरविले. त्याच्या निर्णयांवरही वाद झाले व खटले झाले. २०२१ च्या बंदर कायद्याने ते प्राधिकरण मोडीत निघाले. पण तोवर दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून कारणांसह निर्णय देणारा कोणी तिऱ्हाईत तेथे होता. धक्क्यावरच्या कंटेनरास जो न्याय मिळाला, तोच कंटेनर डब्यावर चढताच त्यास मुकला!

दाद मागण्याचे यत्न झाले नाहीत असेही नव्हे. पनवेलजवळ साई येथे मोठी गोदामे उभारणाऱ्या समूहाच्या ‘अर्शिया’ या रेल्वे कंपनीने व ‘कृभको’च्या कंपनीने स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. आयोगास आपला विचार करण्याचा अधिकारच नाही, असे रेल्वेचे म्हणणे पडले. ते दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ च्या फेब्रुवारीत फेटाळले. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयोगाने रेल्वेने कायदा मोडलेला नाही असा निकाल दिला. निकाल शिरोधार्य आहे. मात्र कायदा मोडला नाही म्हणजे दर रास्त ठरला, असे होत नाही. आणि रास्त दर ठरवून देणे हे त्या आयोगाचे कामही नव्हे.

ते काम करणारा स्वतंत्र नियामक असावा, असे देबरॉय समितीने २०१५ साली सांगितले. २०१७ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणास मान्यताही दिली. पण त्याच्या हाती केवळ सल्ला देण्याचे काम ठेवले. २०२५ च्या दुरुस्ती कायद्यानेही स्वतंत्र नियामक निर्माण केला नाही. ब्रिटनने १९९३ साली रूळ व गाड्या वेगळ्या केल्या तेव्हा पंचही सोबतच नेमला. आमच्याकडे खेळाडू बोलाविले, पंच राहून गेला.

दादरी ते न्हावाशेवा हा सुमारे १५०० किलोमीटरांचा स्वतंत्र मालमार्ग आखला गेल्याने हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. तो बांधणारी कंपनी रेल्वेची, तिला रूळभाडे देणारीही रेल्वेच. म्हणजे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात. या नव्या मार्गावर इतरांस प्रवेश कोणत्या अटींवर व किती भाड्याने, हे आरंभीच ठरले नाही, तर जुनेच दुखणे नव्या रुळांवर धावू लागेल.

आमची मागणी थोडकी आहे. रूळभाडे व ओढणावळ वेगळी दाखवावी. दरवाढीची सूचना पुरेशी आधी द्यावी व तिची कारणे प्रसिद्ध करावी. आणि तंट्याचा निर्णय ज्याचा हुकूम रेल्वेवरही बंधनकारक असेल अशा तिऱ्हाइताकडे सोपवावा. यात रेल्वेचा तोटा नाही. उद्याचा दर काय असेल याची शाश्वती नसली, की व्यापारी माल ट्रेलरवर चढवितो. रेल्वेचे गिऱ्हाईक जाते, आणि जासई, गव्हाण फाटा व पळस्पे येथील रहिवाशांच्या वाट्यास धूर, खोळंबा व अपघात येतात. मोठ्या चालकांस वकील परवडतात. महिन्यास दोन कंटेनर मागविणाऱ्या लहान व्यापाऱ्यास वाढीव दर निमूटपणे मालाच्या किमतीत मिळवावा लागतो, व अखेर तो गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. म्हणून येथील व्यापारी संघांनी वाढलेल्या दराबद्दल आपसांत कुरकुरत न बसता, या तीन मागण्यांचे लेखी निवेदन आपल्या खासदारांच्या हाती द्यावे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. हिशेब मागणे हा व्यापाऱ्याचा नित्याचा धर्म आहे. तो सरकारशी व्यवहार करतानाच तेवढा का सोडावा?