सगळी वाचलीस ना गं?



आज पदार्थ नाही, चातुर्मासाचे नियमही नाहीत. आज मला भांडायचं आहे, आणि सुरुवात माझ्यापासूनच करायची आहे.

गेल्या वर्षी श्रावणात एका लेखिकेनं मला तिची कादंबरी कुरिअरनं पाठवली. सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी, 'ताई, तुमच्या दोन शब्दांची वाट बघतेय.' कादंबरी 320 पानांची. दशलक्षण पर्व तोंडावर, घरात पाहुणे, पापडाचं पीठ मळून ठेवलेलं. मी सव्वाशे पानं वाचली, मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचला आणि लिहून टाकलं, 'आईपणावरची हळुवार कादंबरी. प्रत्येक घरात असायलाच हवी.' वर पाच तारे. पुस्तक मला भेट आलं होतं हे लिहिलं नाही. सुचलं नाही म्हणाले तर तेही खोटं होईल. सुचलं होतं.

आमच्या बस्तीत एक अक्का येतात. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक अक्षर दिसत नाही, पण पुस्तकांचं वेड जात नाही. मी चांगलं म्हटलं की त्या डोळे मिटून पुस्तक मागवतात, स्वतःसाठी नाही तर कुणाला तरी द्यायला. पोस्टातल्या व्याजातून त्यांनी चारशे रुपये काढले आणि भाचीच्या डोहाळजेवणात साडीबरोबर ही कादंबरी ठेवली. आदल्या दिवशी बस्तीच्या पायरीवर मला विचारलं, "सगळी वाचलीस ना गं? शेवटपर्यंत चांगली आहे ना?"

मी हो म्हणाले. हातात अक्षतांची वाटी होती.

त्या कादंबरीच्या उत्तरार्धात नायिकेचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच जातं. पुढची तीसेक पानं त्याच दिवसांची आहेत, दवाखान्यातली प्रत्येक गोष्ट सांगत जाणारी. भाचीनं सातव्या महिन्यात हे रात्री एकटीनं वाचलं. बाळंतपण पुढे सुखरूप झालं, पण मधल्या कितीतरी रात्री ती झोपली नाही आणि तिच्या सासूनं अक्कांना चार माणसांत ऐकवलं. अक्का माझ्यावर चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तू वाचलंस तेव्हा तुला काही वाटलं नाही होय?"

लेखिकेची यात चूक नाही. असं दुःख बायकांच्या वाट्याला येतं, त्यावर लिहायलाच हवं. नंतर मी पूर्ण वाचलं तेव्हा पुस्तकातला तोच भाग मला सर्वात खरा वाटला. चूक माझी, कारण जे पुस्तक मी वाचलंच नव्हतं त्याची मी हमी दिली होती.

आता तुमच्याकडे वळते, कारण या कामात मी एकटी नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी आज पुस्तकांवर लिहितात. चहाचा कप, मोगऱ्याची चार फुलं, शेजारी पुस्तक, असा फोटो आणि खाली दहा ओळी. मला ते आवडतं. ज्या घरात सुनेनं कादंबरी हातात घेतली की 'विकथा वाचतेस' म्हणून टोमणा बसायचा, त्या घरातल्या मुली आज उघडपणे कादंबऱ्यांवर बोलतात, ही लहान गोष्ट नाही. पण त्या दहा ओळी वाचून बघा. सगळी पुस्तकं 'अप्रतिम', सगळी 'काळजाला भिडणारी', सगळी 'एका बैठकीत संपवली'. वर्षभरात एखादं तरी पुस्तक कंटाळवाणं निघालं असेल की नाही? आणि पकडलं की म्हणायचं, हे परीक्षण कुठे आहे, हा नुसता पुस्तक परिचय आहे. परिचय आहे तर 'विकत घ्याच' कशाला लिहायचं?

आपण बायका इतर बाबतीत अशा भोळ्या नसतो. कुणी लग्नासाठी आचारी सुचवला तर पहिला प्रश्न, तो तुमच्या नात्यातला का? दुसरा, तुम्ही स्वतः त्याच्या हातचं जेवलात का? तांदूळ निवडल्याशिवाय चढवत नाही, पाणी गाळल्याशिवाय भरत नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र कुणी 'छान' म्हटलं की न गाळता घरात घेतो.

फुकट पुस्तक घेणं पाप नाही. नवा लेखक जाहिरातीला पैसे कुठून आणणार? तो प्रती वाटतो, त्यातून चार माणसांपर्यंत नाव पोचतं. मुद्दा न सांगण्याचा आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेनं 2021 मध्येच नियम केला की पैसे घेतले असोत वा वस्तू फुकट आली असो, न मागता आली असली तरी, लिहिणाऱ्यानं ते उघड सांगायचं. अमेरिकेत हेच 2009 पासून सांगितलं जातंय. पण आपल्याला कौन्सिल कशाला हवी? तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण पर्वात ऐकतो. सत्याणुव्रताचे जे अतिचार तिथे दिलेत त्यात मिथ्योपदेश आहे आणि कूटलेखक्रियाही आहे. खोटे दस्त, खोटी खतपत्रं हे पुरुषांच्या दुकानातलं काहीतरी, असं समजून मी इतकी वर्षं तो शब्द ऐकत आले. लेखणी माझ्या हातात आल्यावर तो मलाही लागू होतो हे ध्यानात आलं नाही.

हे मी दोघीतिघींशी बोलले तेव्हा दोन उत्तरं आली. दोन्ही आपल्याच धर्मातली, म्हणून त्यांना बगल देता येत नाही.

पहिलं उत्तर अहिंसेचं. कुणी एवढ्या कष्टानं लिहिलं, त्याचं मन कशाला दुखवायचं? रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी ज्या सत्यानं दुसऱ्यावर संकट येईल तेही बोलू नये असं सांगितलंय ना? सांगितलंय. पण 'मधली शंभर पानं रेंगाळतात' असं लिहिल्यानं कुणावर कसलं संकट येतं? वाईट वाटेल, दोन दिवस राग येईल. आणि हिंसा मोजायचीच असेल तर दोन्हीकडची मोजा. लेखिकेचं मन आपल्याला दिसतं कारण तिची चिठ्ठी आपल्याकडे आहे. विकत घेणारीची चिठ्ठी येत नाही म्हणून तिला मन नाही असं होत नाही.

दुसरं उत्तर अनेकांताचं, आणि हे तर मला फार ऐकवलं जातं. 'प्रत्येकाची नजर वेगळी, मला आवडलं, संपलं.' बायांनो, अनेकांत इतका स्वस्त करू नका. स्याद्वादात 'स्यात्' म्हणजे 'काहीही चालेल' असं नाही. अमुक अपेक्षेनं, अमुक बाजूनं पाहता असं आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपण कुठे उभं राहून बोलतोय ते सांगणं आलंच. पुस्तक भेट आलं, लेखिका नणंदेची मैत्रीण आहे, सव्वाशे पानांवर थांबले, ही माझी अपेक्षा. ती लपवून 'प्रत्येक घरात हवी' म्हणणं हा एकांतच झाला.

उलट्या बाजूचं पापही तेवढंच आहे. न वाचता पाच तारे देणारी मी, तशी न वाचता एक तारा देणारीही माणसं असतात. 2023 च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेनं सायबेरियात घडणारी नवी कादंबरी जाहीर केली. युक्रेनमध्ये युद्ध चालू होतं, तिथल्या वाचकांना रशियाच्या भूमीवरची कथा सहन झाली नाही, ते दुःख खरंच होतं. पण गुडरीड्सवर शेकड्यांनी एक-एक तारा पडला तो अशा पुस्तकाला, जे छापून यायला आठ महिने अवकाश होता. लेखिकेनं प्रकाशन थांबवलं. राग लिहायचा होता तर राग म्हणून लिहावा. तारा हा वाचल्याचा दाखला असतो, आणि तो खोटा होता, माझ्या पाच ताऱ्यांइतकाच.

मराठीत तर बायकांना हे काम नवीनही नाही. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ कुसुमावती देशपांडे यांनी लिहिला. शंभर वर्षांच्या कादंबऱ्या त्यांनी वाचून काढल्या, कोणती कुठे उभी राहते आणि कुठे लंगडते ते नाव घेऊन सांगितलं. पुढे 1961 मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. स्पष्ट लिहिल्यानं त्यांचं काही अडलं नाही. आपलं काय अडणार आहे? फार तर पुढचं पुस्तक फुकट येणार नाही.

माझं तसं झालंही. मी जुन्या लेखावर तीन ओळी घातल्या: पुस्तक लेखिकेकडून भेट आलं होतं, लिहिलं तेव्हा मी 125 पानंच वाचली होती, आणि गरोदर बाईला देण्याआधी उत्तरार्ध स्वतः वाचावा. पाच तारे काढून तीन ठेवले. लेखिकेचा फोन आला. तिला वाईट वाटलं होतं आणि तिनं ते लपवलं नाही. पण फोन ठेवताना तिनंच विचारलं, दवाखान्याचा भाग कसा वाटला. पहिल्यांदाच मी तिच्याशी तिच्या पुस्तकावर बोलले, अर्धा तास. गेल्या वर्षीच्या माझ्या पाच ताऱ्यांवर तिनं फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

कपाटात अजून सहा भेट पुस्तकं पडली आहेत. दोन परत पाठवणार आहे, कुरिअरचे पैसे माझे. चार वाचेन, चातुर्मास संपेपर्यंत दोन तरी होतील.

अक्का परवा बस्तीत भेटल्या. माझ्या पिशवीतून एक पुस्तक डोकावत होतं. त्यांनी ते काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "हे किती पानं झालं?"

"चाळीस," मी म्हणाले.

"मग संपल्यावर सांग," म्हणाल्या, आणि पुस्तक परत पिशवीत ठेवलं.